काडीमोडीची होळगी

सावित्रम्मा : पुरणात गूळ जास्त झाला का बघ की. बोट नको घालू, चमच्यानं घे. पंच मंडळी जेवणार हायत.

दानेश्वरी : काडीमोड करायला येणाऱ्यांना पुरणाची होळगी कामून गं अव्वा? लग्नाला जेवण घालतात, एवढंच मला म्हाईत होतं.

सावित्रम्मा : दारात आलेल्याला उपाशी लावून देत न्हाईत आपल्यात. तुझे आप्पा होते तवाबी हेच. बैठक बसली की होळगी आन् तूप. मग बसणारे लग्न मोडायला बसोत न्हाईतर शेताचा बांध सरकवायला. तू विषय बदलू नको. दुपारी काय बोलायचं ते ध्यानात हाय ना?

दानेश्वरी : परत एकदा सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे.

सावित्रम्मा : एवढं काय अवघड हाय त्यात? कोहिनूर गावाहून आपल्या सुनेचे, रेणुकाचे वडील येतील, काका येतील, तीबी येईल. मधी जगदेवप्पा मामा बसतील. तुझे थोरले काका असले तरी माझे ते आधी मामाच. ते तुला विचारतील, दानम्मा, तू डॉक्टर हायस, हैदराबादला नवरा-बायकोला तूच दाखवून आणलीस, तितल्या डॉक्टरनं काय सांगितलं? तू एवढंच म्हणायचं, पोरीत कमी हाय. बास. पुढचं आम्ही बघतो.

दानेश्वरी : मी तसली डॉक्टर न्हाई. किती वेळा सांगू?

सावित्रम्मा : ते तुला म्हाईत आन् मला म्हाईत. सहा वर्सं पावाच्या खमिराशी संसार केलास हे मी गावात कुणाला सांगत न्हाई. तू आलीस की लोकं अजून तापाची गोळी विचारायला येतात. डॉक्टर म्हणलं की तोंडं बंद होतात. तेवढंच पाहिजे मला आज.

दानेश्वरी : आन् मग पिंकीला आणणार.

सावित्रम्मा : आणणार. माझ्या भावाची पोरगी हाय, घरातली हाय, उलटून बोलायची न्हाई. तुझ्या अण्णाला, प्रशांतला व्हय म्हणलंय त्यांनी. आठ वर्सं वाट बघितली मी, आणखी किती बघू? गावात बारसं असलं की मी आजारी पडते. रेणुकाला तर बोलावणंच येत न्हाई.

दानेश्वरी : रेणुका वहिनीत कमी न्हाई म्हणलं तर?

सावित्रम्मा : म्हणजे?

दानेश्वरी : म्हणजे न्हाई. तिचं सगळं ठीक हाय.

सावित्रम्मा : मग लेकरू का होईना?

दानेश्वरी : तूच विचार कर की.

सावित्रम्मा : दाने, सरळ बोल. सणासुदीला कोडं घालतात, काडीमोडीला न्हाई.

दानेश्वरी : अण्णाचं बी तयार होत न्हाई. ना कमी, ना उशिरा. होतच न्हाई. पिंकीला आण, न्हाईतर आणखी कुणाला आण. पाळणा हलणार न्हाई.

सावित्रम्मा : वाट्टेल ते बोलू नको. धडधाकट हाय माझा लेक. तुरीचं पोतं एकटा पाठीवर घेतो.

दानेश्वरी : पोत्याचा आन् याचा काय संबंध? आवाज ठीक हाय, मिशी ठीक हाय, ताकद ठीक हाय. आतलं एक काम होत न्हाई, तेवढंच. आन् ते कुणाला दिसत न्हाई म्हणून चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय.

सावित्रम्मा : कसलं काम? मला समजंल असं सांग. मी अडाणी हाय, येडी न्हाई.

दानेश्वरी : ऐक मग. माणूस असो न्हाईतर खमीर, जीव घडवायचा सगळा कारभार बारीक बारीक दोऱ्यांवर असतोय. गुणसूत्रं म्हणतात त्यांना. प्रत्येक दोऱ्याची जोडी असती, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. पुढच्या जीवासाठी बी घडवायचं झालं की आधी त्या दोघांनी एकमेकांना हुडकून शेजारी लागावं लागतंय. जोडी लागली तर नीट वाटणी होती, प्रत्येक बीमधी एकेक जातो. जोडीच न्हाई लागली तर वाटणी न्हाई, बी न्हाई.

सावित्रम्मा : डोळं हायत का त्या दोऱ्यांना, हुडकायला?

दानेश्वरी : न्हाईत. म्हणूनच पेशी आधी स्वतःलाच कापून घेती. मुद्दाम. एक प्रोटीन असतंय, त्याचं कामच कापायचं. दोरा जागोजागी तुटतो. मग दुसरी प्रोटीनं येऊन त्या तुटक्या टोकाला धरतात आन् घेऊन फिरतात. हितं जुळतंय का, तितं जुळतंय का. आपला जोडीदार सापडला की टोक त्यात शिरतंय, आन् तसं जागोजागी झालं की दोन्ही दोरे लांबीभर एकमेकांजवळ येतात. आधी जखम, मग जोडी. खमिरात तसंच, आपल्यातबी तसंच.

सावित्रम्मा : बाईच्या जातीचं दिसतंय तुझं खमीर.

दानेश्वरी : हसू नको.

सावित्रम्मा : हसायली न्हाई मी.

दानेश्वरी : माझं काम काय, तर ते धरून फिरवणारं प्रोटीन मी खमिरातनं काढून टाकते. मग बघते काय होतंय. कापणारा आपलं काम करतो, दोरे तुटतात, टोकं उघडी पडतात. त्यांना हाताला धरून नेणारं कुणी न्हाई. पेशी तितंच थांबती. ना पुढं, ना मागं. अण्णाला तपासलं तवा तितल्या डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून काचेखालचं दाखवलं. त्यांनी सांगायच्या आधीच मी ओळखलं, अव्वा. रोज सकाळी माझ्या टेबलावर जे असतंय, तेच. मी हौसेनं मोडते ते माझ्या भावात जन्मापासनं मोडलेलं. रक्त तपासलं, त्यातबी तेच निघालं.

सावित्रम्मा : औषध?

दानेश्वरी : न्हाई. आज तरी न्हाई.

सावित्रम्मा : मला एक सांग. तुटलेलं जोडायला एवढं लांब हुडकत कामून जायचं? शेजारच्या दोऱ्याकडून सांधून घ्यावं.

दानेश्वरी : शेजारी असतोच एक. हुबेहूब तसाच. आम्ही त्याला बहीणच म्हणतो. पण बहिणीकडून सांधून घेतलं तर जखम भरती, जोडी लागत न्हाई. म्हणून त्या वक्ताला पेशी बहिणीकडं सहसा जाऊ देत न्हाई.

सावित्रम्मा : मग आमचं काय चुकलं? आमच्यातबी एका बेडग्यातली, एका कुळातली पोरगी बहीण म्हणून सोडतात, दहा गावं लांबची का असंना. मामाचं बेडगू वेगळं, म्हणून मामाला देतात. तुझ्या खमिराचा आन् बसवण्णाच्या लोकांचा कायदा एकच झाला की.

दानेश्वरी : बेडगू बापाच्या नावानं चालतंय, अव्वा. रक्त आईकडूनबी येतंय. आप्पा तुझ्या अव्वाचे सख्खे भाऊ. तुझ्या आज्जीत न्हाईतर आज्ज्यात एक मोडका दोरा असणार. तो आप्पाला थेट आला, तुला तुझ्या अव्वाकडनं आला. तुम्हा दोघांत दुसरा चांगला होता, म्हणून तुमचं काही अडलं न्हाई. अण्णाला दोन्हीकडून मोडका मिळाला.

सावित्रम्मा : तुझं?

दानेश्वरी : माझं काय?

सावित्रम्मा : एकाच पोटातनं आलीस. तुझं तपासलंस का?

दानेश्वरी : न्हाई.

सावित्रम्मा : रोज खमिराचं तपासतीस, आन्...

दानेश्वरी : धीर न्हाई झाला, अव्वा. सुई काढून ठेवली होती एकदा. परत ठेवून दिली.

सावित्रम्मा : नको तपासू. झाकली मूठ झाकलेलीच ऱ्हाऊ दे.

दानेश्वरी : हेच ते. झाकायचं. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय.

सावित्रम्मा : मग सरळ म्हण ना, माझ्यामुळं झालं. आडून कामून मारायलीस?

दानेश्वरी : तुझ्यामुळं न्हाई. तू कुठं काय ठरवलंस?

सावित्रम्मा : मी? मला कोण विचारतंय. मामा आमच्याकडं आला की माझ्यासाठी खिशात चिरमुरे असायचे. वीरभद्राची जत्रा मी त्याच्या खांद्यावर बसून बघितलेली. एक दिवस अव्वा म्हणली, आता मामासमोर डोकं उघडं ठेवून जायचं न्हाई. कामून म्हणलं, तर म्हणली, तुझं ठरलंय. मी माळवदावर जाऊन बसले. जेवले न्हाई. तवा आज्जी वर आली, कंबर धरत धरत. म्हणली, येडे, दुसऱ्याच्या घरात सासू मिळती, हितं आज्जी मिळायलीय. तेवढ्यावर झालं माझं लग्न. आन् लग्न झालं तरी माझ्या तोंडात मामाच बसलेलं. ते गेले तवाबी मी मामा, मामा म्हणूनच रडले. बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. आन् आता तू हैदराबादहून येऊन सांगायलीस, ते लग्नच किडकं होतं म्हून.

दानेश्वरी : असं न्हाई म्हणाले मी.

सावित्रम्मा : म्हणालीस. गोड करून म्हणालीस, एवढंच.

दानेश्वरी : बरं, मी कडू विचारते. जगदेवप्पा काकांना लेकरू का झालं न्हाई?

सावित्रम्मा : त्यांचं कामून काढलंस आता?

दानेश्वरी : आज्जीला, म्हणजे काकांच्या आईलाबी मामालाच दिलेली. बरोबर ना? म्हणून विचारायली. दोन बायका केल्या काकांनी.

सावित्रम्मा : पहिलीला, ईरम्माला लावून दिलं तवा मी नवी होते ह्या घरात. ती औरादकडची, तेलुगू मिसळून बोलायची, लई हसरी. अशीच बैठक बसली होती. पुरण मीच वाटलं होतं, ह्याच पाट्यावर. वांझ म्हून लावून दिली तिला. मग चन्नव्वाकाकू आली. तिचंबी पोट रितंच राहिलं, ते नशीब म्हून घातलं. आन् ईरम्माला नौबादच्या एका बिजवराला दिली तिच्या भावांनी. पुढं एकदा मी बिदरला गेले, तर नौबादच्या नाक्यावर ती दिसली. काखेत एक, बोटाला एक. माझ्याकडं बघून हसली. मी घरी येऊन चन्नव्वाकाकूला सांगितलं. ती म्हणली, मला म्हाईतंय. अव्वाला सांगितलं, तीबी म्हणली, म्हाईतंय. सगळ्या बायकांना म्हाईत होतं, दाने. बाप्यांसमोर कोण बोलणार?

दानेश्वरी : आज तेच जगदेवप्पा मधी बसणार. आन् वांझ कोण ते ठरवणार.

सावित्रम्मा : तरी रेणुकाचं तोंड काय शिवलं होतं का? तुमच्यासंग तीबी आली होती की हैदराबादला. तिला न्हाई सांगितलं?

दानेश्वरी : सांगितलं. तिच्यासमोरच सांगितलं सगळं.

सावित्रम्मा : तिला म्हाईतंय?

दानेश्वरी : मागच्या उन्हाळ्यापासनं. बाहेर आल्यावर अण्णा बाकड्यावर बसून रडायला लागला. तिनं गळ्यातलं इष्टलिंग हातात घेतलं आन् त्याला शपथ दिली, माझ्या तोंडातनं ही गोष्ट निघणार न्हाई, तुमच्या अव्वापाशी न्हाई, माझ्या अव्वापाशी न्हाई. माझ्याकडूनबी वचन घेतलं. मी आज मोडायलीय.

सावित्रम्मा : आन् त्यानंतर मी तिला... संक्रांतीला शेजारची सून दारात आली तवा मी रेणुकाला आत जा म्हणलं. तिची सावली पोटुशीवर नको म्हून.

दानेश्वरी : म्हाईतंय मला. तिनं फोनवर सांगितलं. तक्रार न्हाई केली, नुसतं सांगितलं.

सावित्रम्मा : एक शब्द उलट बोलली न्हाई. आत गेली आन् भांडी घासत बसली. मला वाटलं, खाली मान घालती म्हणजे खोट हाय.

दानेश्वरी : आन् ज्याच्यासाठी तिनं लिंगावर हात ठेवला, तो काय करायलाय? काल मला आपल्या मिलच्या मागं बोलावून म्हणाला, दानी, तू एक वाक्य बोल, तुझं ऐकतात. मी म्हणलं, अण्णा, पिंकीला दोन वर्सांनी काय म्हणणार? तर म्हणतो, घरातली पोरगी हाय, गप ऱ्हाईल. मला तर वाटतंय त्याच्या मनात अजून आशा हाय. आपला रिपोर्ट चुकला असंल, दुसऱ्या बाईकडून होईल. सगळं कळूनबी त्याला कळत न्हाई. आन् कळतंय तवा तो रेणुकाला समोर बघू शकत न्हाई. ती दिसली की त्याला बाकडं दिसत असंल.

सावित्रम्मा : तू काय म्हणालीस त्याला?

दानेश्वरी : मी म्हणलं, मी खरं सांगणार. जगदेवप्पा काकांच्या तोंडावर सांगणार, त्यांचंबी सांगणार.

सावित्रम्मा : मग?

दानेश्वरी : मग म्हणाला, तसं केलंस तर संध्याकाळी मला हुडकायला येऊ नको. विहिरीकडं बघून म्हणाला.

सावित्रम्मा : हे तू मला आता सांगायलीस?

दानेश्वरी : कवा सांगू? मला झोप न्हाई रात्रीपासनं. खरं बोलले तर अण्णा जातो, गप बसले तर वहिनी जाती. खमिरात एवढं अवघड न्हाई, अव्वा. तितं मेलं तर परत वाढवता येतंय.

सावित्रम्मा : तो नुसतं बोलतोय. करणार न्हाई तसलं.

दानेश्वरी : तुला खात्री हाय?

सावित्रम्मा : न्हाई.

दानेश्वरी : मलाबी न्हाई.

सावित्रम्मा : तू मन कामून घट्ट करतीस मग? नुसतं गप बस. डॉक्टरला काही सांगता येईना म्हण.

दानेश्वरी : मी गप बसले की जगदेवप्पा काका म्हणतील, डॉक्टरीण गप हाय म्हणजे पोरीत खोट हाय, नाव ठेवायला नको म्हणून बोलायली न्हाई. काडी मोडून तिच्या वडिलांच्या हातात देतील. आन् होळगी खाऊन जातील. तुला ठाव न्हाई का त्यांची बैठक?

सावित्रम्मा : ठाव हाय. चाळीस वर्सं ह्याच भिंतीमागून ऐकलीय.

दानेश्वरी : मग सांग ना काय करू. तूच म्हणालीस, येडी न्हाई मी.

सावित्रम्मा : तू काही करू नको. तू तूप कडवायला ठेव. मी बोलते बैठकीत.

दानेश्वरी : तू? काय बोलणार? दोऱ्यांचं सांगणार त्यांना?

सावित्रम्मा : दोरे कशाला. मी म्हणणार, प्रशांत झाला तवा मी वीरभद्राला बोलले होते, चांदीचा पाळणा वाहीन. वाहिला न्हाई. चांदी मोडून पाटल्या केल्या. देव रुसलाय. म्हून माझ्या लेकाच्या घरात पाळणा न्हाई. सुनंत कमी न्हाई, सासूत खोट हाय.

दानेश्वरी : तू तर पाळणा वाहिलास, उशिरा का होईना. मी बघितलाय. तुझ्या बोटाला धरून आले होते मी.

सावित्रम्मा : तू बघितलास. तुझे आप्पा न्हाईत आता. पुजारी गेला, त्याचा लेक गुलबर्ग्याला रिक्षा चालवतोय. देवाला म्हाईतंय, तो बैठकीत बोलत न्हाई.

दानेश्वरी : आन् हे ते मानतील?

सावित्रम्मा : लगेच. जगदेवप्पा मामाला तुझं प्रोटीन नको, ते त्याच्याच अंगावर येतंय. बुडवलेला नवस त्याला कळतो. सासूनं देवाचं बुडवलं म्हून सुनेला हाकलली, असं कोहिनूरला जाऊन कोण सांगणार? इज्जत जाईल. सून घरात ऱ्हाईल. पिंकी तिच्या घरात ऱ्हाईल. माझा लेक बाजारात मान वर करून बसंल.

दानेश्वरी : आन् तू? जत्रंचा नैवेद्य ह्या घरातनं तूच रांधतीस. परत शिवू देणार न्हाईत तुला.

सावित्रम्मा : रेणुका रांधंल.

दानेश्वरी : लोकं तोंडावर बोलतील. देव बुडवी म्हणतील.

सावित्रम्मा : वांझपेक्षा बरं हाय. माझी दोन लेकरं झालीत, माझं काय जाणार? तसंबी कुंकू गेलेल्या बाईला कोण पुढं करतंय.

दानेश्वरी : म्हणजे परत एका बाईनंच घ्यायचं अंगावर. वहिनीच्या जागी तू.

सावित्रम्मा : बापे घेत असते तर तुला एवढं शिकायची पाळीच आली नसती.

दानेश्वरी : मग माझ्या शिकण्याचा काय उपयोग झाला, अव्वा? सहा वर्सं मी हेच बघितलं. माझ्या घरातलं कोडं मलाच सुटलं, आन् तेच सांगायचं न्हाई. खरं कवा सांगायचं मग?

सावित्रम्मा : मला सांगितलंस की. आज्जीपासनं आम्हाला नुसतं म्हाईत होतं, का ते म्हाईत नव्हतं. आता म्हाईत झालं. पिंकीच्या लग्नाचं बघताना मी तिच्या अव्वाला सांगीन, घरात देऊ नको म्हून. चुलीपाशी सांगीन. तेवढं पुरं हाय.

दानेश्वरी : पुरं न्हाई.

सावित्रम्मा : न्हाई. पण तेवढंच होतंय.

(बाहेर अंगणात जीप येऊन थांबल्याचा आवाज.)

दानेश्वरी : आले वाटतं. लवकर आले.

सावित्रम्मा : रेणुका उतरली का बघ.

दानेश्वरी : उतरली. बाहेरच उभी हाय, कट्ट्यापाशी. तिचे वडील आत या म्हणायलेत, ती येईना.

सावित्रम्मा : तिला आत घेऊन ये. मागच्या दारानं न्हाई, समोरून. म्हण, अव्वा होळगी लाटायला बोलवायली.

दानेश्वरी : एवढंच? आणखी काही म्हणणार न्हाईस तिला?

सावित्रम्मा : काय म्हणू? सून हाय ती. माफी मागितली तर घाबरंल. माझ्या शेजारी बसवते. तिला कळंल.

दानेश्वरी : अव्वा, ऐक. खोटं बोल, पण मनाला लावून घेऊ नको. दोष तुझा न्हाई. अण्णाचाबी न्हाई, आज्जीचाबी न्हाई. खरंच कुणाचाच न्हाई गं.

सावित्रम्मा : कुणाचा तरी लागतोय, बाई. त्याशिवाय बैठक उठत न्हाई.